मुद्रेंतील धनी व कारभारांतील धनी

जुना कागद हातीं आला म्हणजे मजकूर वाचण्यापूर्वीं त्याचा शिक्का पाहावा, ही आपल्या शास्त्राची पहिली शिकवण आहे. कागद कोणाच्या नांवें निघाला हें शिक्क्यावरून कळतें. परंतु तो कोणाच्या इच्छेनें निघाला हें शिक्क्यावरून कळेलच असें नाहीं. ह्या दोन प्रश्नांचीं उत्तरें पुष्कळदां निरनिराळीं येतात, आणि तीं निरनिराळीं कां येतात हें शोधूं लागलें म्हणजे राज्याचें खरें स्वरूप उघड होऊं लागतें.

प्रस्तुत लेखक ज्या मालाड गांवीं राहतो त्या साष्टीच्या भागाचेंच उदाहरण घेऊं. इ. स. १७३९ पर्यंत येथें फिरंग्यांचा अंमल होता. त्या वर्षीं चिमाजी आप्पांच्या मोहिमेंत वसई पडली, मालाडच्या पश्चिमेस समुद्रकांठीं असलेला मढचा किल्ला, ज्यास वर्सोव्याचा किल्लाहि म्हणतात, तोहि मराठ्यांच्या हातीं आला, व साष्टीवर पुण्याचा अंमल बसला. तो १७७४ च्या अखेरीपर्यंत चालला. पुढें इंग्रजांनीं बेट घेतलें, आणि १७८२ च्या सालबाईच्या तहानें तें त्यांजकडेच राहिलें. ह्या पस्तीस वर्षांत येथील हुकूम पुण्याहून सुटत. पण पुण्याच्या शिक्क्यांत धनी म्हणून नांव असे तें सातारच्या छत्रपतींचें. मागून कंपनी सरकार आलें. त्या सरकारच्या रुपयावर १८३५ पर्यंत नांव होतें तें दिल्लीच्या शहा आलम बादशहाचें, आणि तो बादशहा तर १८०६ सालींच वारला होता! हुकूम एकाचा व नांव दुसऱ्याचें, हा प्रकार एवढ्याशा प्रदेशांत लागोपाठ दोन राजवटींत दिसतो.

हा प्रकार जुन्या काळाबरोबर संपला असा समज होण्याचा संभव आहे. म्हणून ज्या कसोट्या आपण दोनशें वर्षांपूर्वींच्या कागदांस लावतों, त्याच चालू काळांतील एका दीर्घ सत्तेच्या कागदांस लावून पाहण्याचें ह्या लेखांत योजिलें आहे. ती सत्ता रशियांतील व्लादिमिर पुतिन यांची. ते ९ ऑगस्ट १९९९ रोजीं प्रधानपदावर आले. आणि पुढील पंचवीस वर्षांत कधीं राष्ट्राध्यक्ष, कधीं प्रधान, अशा दोन पदांवरून त्यांनीं राज्य चालविलें. ह्या सत्तेभोवतीं शब्दांची जी रचना उभी राहिली ती पेशवाईच्या मुद्रा वाचलेल्या मनुष्यास अगदींच अनोळखी वाटत नाहीं.

आमचें म्हणणें आधींच सांगून टाकतों. कागदांतील एखादा शब्द पोकळ झालेला दिसला म्हणून तो निरुपयोगी समजूं नये. जोंवर तो कागदांत आहे तोंवर सत्ताधाऱ्यास त्याला वळसा घालून जावें लागतें. म्हणून दीर्घ सत्तेच्या इतिहासांत लक्षांत ठेवण्याजोगी तारीख म्हणजे ज्या दिवशीं तो शब्द खोडला गेला ती.

१

पेशव्यांच्या मुद्रांचा सांचा आमच्या वाचकांस परिचित आहे. आरंभीं ‘श्री राजा शाहू नरपति हर्षनिधान’, नंतर पेशव्याचें व त्याच्या वडिलांचें नांव, आणि शेवटीं ‘प्रधान’ किंवा ‘मुख्य प्रधान’. राजाचें नांव पहिलें व विशेषणांसह; पेशव्याचें मागाहून व चाकरीच्या पदासह. थोरल्या माधवरावांच्या मुद्रेंत शाहूच्या जागीं ‘राजा राम’ येतो. ह्या फरकाचा संग्राहकांस नेहमीं उपयोग होतो. भट घराण्यांतील पेशव्याच्या ज्या कागदावरची तारीख गेली आहे पण शिक्का शाबूत आहे, त्यावर ‘राजा राम’ असें लागलें तर तो कागद शाहूच्या मृत्यूनंतरचा ठरतो. आणि पुढें ‘माधवराव बल्लाळ’ आहे कीं ‘माधवराव नारायण’ आहे हें वाचतां आलें म्हणजे थोरले माधवराव व सवाई माधवराव यांचा घोटाळा उरत नाहीं.

परंतु कालनिर्णयाहून मोठी गोष्ट ह्या मुद्रेंत आहे. शाहू महाराज १५ डिसेंबर १७४९ रोजीं वारले व रामराजे गादीवर आले. १७५० सालीं सांगोल्याच्या ठरावानें राज्यकारभाराची सत्ता पेशव्यांकडे गेली. त्याच वर्षाच्या अखेरीस ताराबाईंनीं रामराजांस साताऱ्याच्या किल्ल्यांत अटकेंत घातलें. म्हणजे मुद्रेंत ज्यास ‘नरपति’ म्हणावयाचें तो आधीं किल्ल्यांत कैदी, व पुढेंहि नजरेखालींच. तरी मुद्रा बदलली नाहीं. पानिपत झालें, निजामाशीं लढाया झाल्या, पुण्याच्या फौजा उत्तरेंत फिरल्या. कागदावर मात्र हें सारें ‘हर्षनिधान’ राजाचा प्रधान करीत होता.

हें नांव मुद्रेंत ठेविलें तरी कशाला, असा प्रश्न कोणीहि विचारील. त्याचें उत्तर शिक्क्यापेक्षां वस्त्रांच्या विधींत सांपडतें. प्रत्येक नव्या पेशव्यास साताऱ्याहून वस्त्रें यावीं लागत. ३० ऑगस्ट १७७३ रोजीं शनिवारवाड्यांत नारायणरावांचा खून झाला. पुणें रघुनाथरावाच्या हातांत होतें, शिपाई त्याच्या हातांत होते. तरीसुद्धां साताऱ्याहून वस्त्रें मिळविण्याचा खटाटोप त्यास करावा लागला, व तीं त्यानें मिळविलीं. पुढें बारभाईंचें कारस्थान उभें राहिलें. १८ एप्रिल १७७४ रोजीं पुरंदरावर सवाई माधवरावांचा जन्म झाला, आणि अवघ्या चाळीस दिवसांच्या त्या मुलासाठीं बारभाईंनीं साताऱ्याहूनच वस्त्रें आणविलीं. ज्या हातानें वस्त्रें द्यावयाचीं तो हात दुबळा होता हें दोन्ही पक्षांस ठाऊक होतें. तरी त्या हाताशिवाय कोणाचें चाललें नाहीं. अर्थ उरला नसलेल्या विधीसाठीं इतकी धांवपळ कोणी करीत नसतो. राजाची सत्ता गेली होती. पण दोन दावेदारांत खरा कोण हें ठरविण्याची जागा त्या नांवानें राखून ठेविली होती.

२

दुसरी गोष्ट विनयाच्या भाषेची. महादजी शिंद्यांच्या हातीं १७८४ नंतर दिल्लीचा कारभार आला. त्या वर्षीं शहा आलमाकडून ‘वकील-इ-मुतलक’ हें पद पेशव्यांच्या नांवें मिळालें, व पेशव्यांचे नायब म्हणून महादजींनीं तें चालविलें. १७९२ सालीं त्या पदाचीं फर्मानें व वस्त्रें घेऊन ते पुण्यास आले आणि मोठा समारंभ झाला. आतां ह्या उतरंडीकडे पाहावें. कारभार करणार महादजी. ते नायब पेशव्यांचे. पेशवे हे वकील बादशहाचे, व शिवाय प्रधान छत्रपतींचे. बादशहाचे डोळे गुलाम कादराने १७८८ सालीं काढले होते, छत्रपति साताऱ्यास नजरेखालीं, आणि पेशवा अठरा वर्षांचा. कागदावर चार पायऱ्या व प्रत्येक पायरीवर एक धनी. प्रत्यक्षांत एका पायरीवर महादजी व दुसरीवर नाना फडणीस.

आणि हेच महादजी स्वतःस ‘पाटील’ म्हणवीत. पेशव्यांच्या भेटीस जातांना धन्याचे जोडे काखेंत घेऊन ते शेवटीं बसले, ही हकीकत ग्रँट डफनें १८२६ च्या आपल्या इतिहासांत दिली आहे. चाकर म्हणवीत म्हणवीत हा पुरुष राजा झाला, अशा अर्थाचा शेरा इंग्रज लेखकांनीं मारलेला सर्वश्रुत आहे. त्यांत उपहास आहे, पण निरीक्षण खरें आहे. जी सत्ता नवी असते ती मोठीं बिरुदें मागते. जिचें बूड बसलेलें असतें ती लहान पदावर खुशाल बसते. कारण तिच्याकडून हुकूम घेणारे लोक पद पाहून हुकूम घेत नाहींत, मनुष्य पाहून घेतात.

३

आतां रशियाकडे वळूं. त्या देशाचा व आपल्या देशाचा पहिला लेखी संबंध ह्याच विषयाच्या जवळपासचा आहे. त्वेर येथील अफनासी निकितिन नांवाचा व्यापारी इ. स. १४७० च्या सुमारास चौलास उतरला व जुन्नरावरून बेदरास गेला. त्याच्या प्रवासवृत्तांत बहामनी राज्याविषयीं एक मार्मिक नोंद आहे. सुलतान विशीचा तरुण असून राज्य सरदारांच्या, विशेषतः खुरासानी अमिरांच्या, हातीं आहे असें तो सांगतो. महमूद गावानाचा उल्लेख तो नांवानें न करितां ‘मलिक-उत्-तुज्जार’ म्हणजे व्यापाऱ्यांचा प्रमुख ह्या त्याच्या किताबानें करितो. ज्याच्या हातीं फौजा होत्या त्याचा किताब व्यापाऱ्याचा! परक्या प्रवाशास ही गोष्ट चटकन दिसली, यांत नवल नाहीं. त्याच्या स्वतःच्या देशांत शंभर वर्षांनीं याहून विलक्षण प्रकार घडावयाचा होता.

चौथा इवान १५४७ सालीं ‘त्सार’ म्हणून अभिषिक्त झाला. १५७५ सालीं त्यानें एकाएकीं सिमेऑन बेक्बुलातोविच नांवाच्या, बाप्तिस्मा घेतलेल्या तार्तार राजपुत्रास ‘सर्व रशियाचा महाराजा’ म्हणून गादीवर बसविलें, व आपण केवळ मॉस्कोचा राजा म्हणवूं लागला. त्या वर्षाच्या ३० ऑक्टोबरचा त्याचा एक अर्ज उपलब्ध आहे. त्यांत इवान स्वतःचें नांव ‘इवानेत्स’ असें लघुत्वदर्शक प्रत्यय लावून लिहितो, आपल्या मुलांचींहि नांवें तशींच खालीं उतरवितो, आणि नव्या महाराजापाशीं कृपेची याचना करितो. आपल्या भाषेंत सांगावयाचें तर ‘कृतानेक विज्ञापना’ हा मायना स्वतः राजानेंच लिहावा असें हें झालें. सत्ता इवानाच्या हातांतून क्षणभरहि सुटली नाहीं. वर्षाच्या आंत सिमेऑनास गादीवरून उठवून त्वेरची जहागीर दिली, म्हणजे निकितिनच्याच गांवची. असें कां केलें याविषयीं पंडितांत एकमत नाहीं; परंतु अर्जाची भाषा व कारभाराची वस्तुस्थिति यांतील अंतर कोणीहि नाकारीत नाहीं.

४

पुतिन यांच्या राजवटीस ह्या परंपरेच्या उजेडांत पाहिलें पाहिजे. १२ डिसेंबर १९९३ च्या लोकमतानें स्वीकारलेल्या रशियाच्या राज्यघटनेंत ८१ वें कलम राष्ट्राध्यक्षाच्या मुदतीविषयीं आहे. एका व्यक्तीनें तें पद दोनांहून अधिक मुदती धारण करूं नये, एवढ्यावर वाक्य संपलें असतें तर हा लेख लिहिण्याचें कारण पडलें नसतें. वाक्याच्या शेवटीं ‘पोद्र्याद’ असा एक शब्द होता. ‘पो’ हा उपसर्गासारखा शब्द व ‘र्याद’ म्हणजे रांग. मिळून अर्थ ‘रांगेनें, लागोपाठ’. दोनांहून अधिक मुदती लागोपाठ नकोत, असा नियम झाला.

पुतिन २००० व २००४ सालीं चार-चार वर्षांसाठीं निवडून आले. २००८ सालीं ‘पोद्र्याद’ आडवा आला. तेव्हां द्मीत्री मेद्वेदेव राष्ट्राध्यक्ष झाले. ७ मे २००८ रोजीं त्यांनीं शपथ घेतली, आणि दुसऱ्याच दिवशीं पुतिन त्यांचे प्रधान झाले. आपल्या मुद्रांचा सांचा येथें तंतोतंत बसतो: आधीं राजाचें नांव, मग प्रधानाचें. त्याच वर्षाच्या अखेरीस घटनेंत दुरुस्ती होऊन पुढील राष्ट्राध्यक्षाची मुदत चारांची सहा वर्षें झाली. २४ सप्टेंबर २०११ रोजीं पक्षाच्या अधिवेशनांत दोघांनीं पदांची अदलाबदल जाहीर केली, व ही गोष्ट आपसांत पूर्वींच ठरली होती असेंहि सांगितलें. २०१२ सालीं पुतिन पुन्हां राष्ट्राध्यक्ष झाले. एका शब्दानें त्यांस चार वर्षांचा वळसा घालावयास लाविलें होतें.

तो वळसा म्हणजे निव्वळ नाटक, असें म्हणणारे तेव्हां पुष्कळ होते. आम्हांस तें अर्धेंच खरें वाटतें. रघुनाथरावानें वस्त्रांसाठीं साताऱ्यास माणूस धाडला तेंहि नाटकच होतें. परंतु ज्या नाटकाशिवाय सत्ता चालत नाहीं त्याची किंमत सत्ताधाऱ्याकडून वसूल होत असते. त्या चार वर्षांत शिक्का दुसऱ्याच्या हातीं होता, निदान कायद्यानें तरी. आणि कायद्यानें दुसऱ्याच्या हातीं असलेला शिक्का कधीं खराच उमटेल याची खात्री कोणी देऊं शकत नाहीं.

विनयाची भाषा येथेंहि आहे. १४ फेब्रुवारी २००८ रोजीं, पहिल्या आठ वर्षांचा हिशेब देतांना, आपण गलबतावर वल्हीं मारणाऱ्या गुलामासारखे राबलों असें पुतिन पत्रकारांपुढें म्हणाले. ‘पाटील’ व ‘इवानेत्स’ यांच्या पंक्तीस बसण्याजोगा हा शब्द आहे. थोरल्या पदांचें एकीकडे केंद्रीकरण व दुसरीकडे बाकीच्यांचीं पदें लहान करणें, हीहि जोडगोळी ओळखीची आहे. रशियाच्या घटक प्रजासत्ताकांचे प्रमुख स्वतःस ‘प्रेझिडेंट’ म्हणवीत असत. डिसेंबर २०१० च्या कायद्यानें तो शब्द एकट्या मॉस्कोकरितां राखून ठेवण्यांत आला. तातारस्तान तेवढें अडून बसलें व २०२३ सालीं वांकलें. तेथील प्रमुखाचें पद आतां ‘रईस’ ह्या नांवानें ओळखिलें जातें. फारसी कागद वाचणाऱ्या आमच्या मित्रांस हा अरबी शब्द तेथें पाहून मौज वाटेल. परंतु तो तेथें कोणत्या शब्दाच्या जागीं आला हें विसरूं नये.

आतां मुख्य तारीख. १० मार्च २०२० रोजीं रशियाच्या लोकसभेंत वालेंतिना तेरेश्कोवा यांनीं एक सूचना मांडली. १९६३ सालीं अंतराळांत गेलेली जगांतील पहिली स्त्री ती हीच. घटनादुरुस्तीचें काम आधींच सुरू होतें, व त्यांत ‘पोद्र्याद’ हा शब्द गाळावयाचा होता. तो गाळला म्हणजे नियम वरकरणीं अधिक कडक होतो: दोनच मुदती, लागोपाठ असोत वा नसोत. पण त्याच दुरुस्तीस तेरेश्कोवा यांच्या सूचनेनें असें शेपूट जोडण्यांत आलें कीं, पूर्वीं ज्यानें हें पद धारण केलें आहे त्याच्या मागील मुदती मोजूं नयेत. ह्यास रशियन बोलींत ‘ओब्नुलेनिये’ म्हणजे शून्यीकरण असें नांव पडलें. आपल्या गणितांत शून्य हें स्थान राखतें; ह्या शून्यानें मोजलेलें पुसलें. ह्यावर २५ जून ते १ जुलै २०२० मतें घेतलीं गेलीं. त्या मतदानास कायद्यांतील ‘सार्वमत’ हें नांव न देतां ‘अखिल रशियन मतदान’ असें नवेंच नांव दिलें होतें. सरकारी आंकड्याप्रमाणें सुमारें ७८ टक्के मतें अनुकूल पडलीं. मार्च २०२४ मध्यें पुतिन पांचव्यांदा निवडून आले. नव्या मोजणीप्रमाणें ही पहिली मुदत, व घटनेंतील वाट २०३६ पर्यंत मोकळी.

२००८ सालीं घटनेचा शब्द पाळून सत्ता राखली गेली. २०२० सालीं शब्द बदलून राखली गेली. बाहेरून पाहणारास दोहोंत फरक दिसत नाहीं, कारण दोन्ही वेळां मनुष्य तोच राहिला. कागद वाचणारास मात्र ह्या दोन निरनिराळ्या राजवटी दिसल्या पाहिजेत.

५

पदांच्या नांवांविषयीं इतकें झालें. कृत्यांच्या नांवांविषयींहि थोडें लिहिणें भाग आहे, कारण तेथें माणसांच्या जिवाचा संबंध येतो.

आपले दप्तर ह्या बाबतींत निष्कलंक आहे असें म्हणवत नाहीं. ‘मुलूखगिरी’ हा शब्द घ्यावा. ऐकतांना तो देशाटनासारखा वाटतो. ज्या रयतेच्या शेतांवरून ती गेली तिला तो निराळा ऐकूं येत असेल. ‘स्वारी’, ‘घासदाणा’, ‘खंडणी’ हे शब्द आपण इतक्या सरावानें वाचतों कीं त्यांच्याआड काय घडलें हें विचारण्याचें राहून जातें. अलीकडील उदाहरणहि आहे. सप्टेंबर १९४८ मध्यें भारतीय फौज हैदराबाद संस्थानांत शिरली. फौज होती, रणगाडे होते. नांव पडलें ‘पोलिस कारवाई’. निजामाच्या जाचांतून मराठवाडा सुटला ही गोष्ट निःसंशय इष्ट झाली. पण त्यानंतर तेथें जे अत्याचार झाले त्यांची चौकशी करणाऱ्या सुंदरलाल समितीचा अहवाल कित्येक दशकें प्रसिद्ध झाला नाहीं. सौम्य नांव दिलेल्या गोष्टीचे कडू कागद बाहेर येण्यास वेळ लागतो.

हें आधीं कबूल करून मग पुढचें सांगतों. २४ फेब्रुवारी २०२२ रोजीं पुतिन यांनीं युक्रेनवर फौजा धाडल्या, व त्या कृत्यास ‘विशेष लष्करी कारवाई’ असें नांव दिलें. दोन दिवसांत वर्तमानपत्रांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी खात्यानें युद्ध, आक्रमण, हल्ला हे शब्द न वापरण्याविषयीं पत्रांस बजावलें. ४ मार्च रोजीं कायदा झाला. फौजेविषयीं खोटी माहिती पसरविल्यास पंधरा वर्षांपर्यंत कैद. मॉस्कोच्या एका प्रभाग समितीचे सभासद अलेक्सेय गोरिनोव हे समितीच्या बैठकींत बोलले. विषय मुलांच्या चित्रकलेच्या स्पर्धेचा होता. तिकडे मुलें मरत असतां स्पर्धा कसली, अशा आशयाचें बोलून त्यांनीं त्या गोष्टीस युद्ध म्हटलें. ८ जुलै २०२२ रोजीं त्यांस सात वर्षांची शिक्षा झाली. पुढें २२ डिसेंबर २०२२ रोजीं पुतिन यांनीं स्वतःच जाहीरपणें बोलतांना ‘युद्ध’ हा शब्द वापरला. त्यांस कोणी कांहीं विचारलें नाहीं.

पेशवाईंतील ‘मुलूखगिरी’ हा सौम्य शब्द असेल. पण ‘लूट’ म्हटल्याबद्दल बखरकारास कैद करण्याचा कायदा नव्हता. शब्दाची सक्ति जेव्हां होते तेव्हां कागदपत्रांचा पुरावा म्हणून जो उपयोग, तोच धोक्यांत येतो. उद्यां त्या काळचीं रशियन वर्तमानपत्रें चाळणाऱ्या संशोधकास ‘युद्ध’ हा शब्द आढळणार नाहीं. आणि शब्द नाहीं म्हणून गोष्ट नाहीं असें अनुमान काढण्याची चूक आपणहि पूर्वीं केलेली आहे.

६

ह्या तुलनेच्या मर्यादा सांगणें अवश्य आहे. पेशवेपद वंशपरंपरेचें झालें होतें. त्यास मुदत नव्हती, व मोडावयास मुदतीचा नियमहि नव्हता. छत्रपतींचें नांव हें परंपरेचें होतें, प्रजेनें मत देऊन लिहिलेलें नव्हतें. महादजींचा विनय काहीं अंशीं खरा असेल. जुन्या निष्ठा मनांतून एकदम जात नाहींत. उलट, रशियाचा नियम लोकांच्या मतानें लिहिलेला होता. म्हणून तो पुसण्याची जबाबदारीहि मोठी. अशा तुलनेवरून दोन राजवटींचें मोल सारखें ठरवूं नये. कागद वाचण्याची रीति सारखी ठेवावी, एवढेंच येथें म्हणावयाचें आहे.

आणि पोकळ शब्दाचें पुढें काय होतें याचें आमच्या इतिहासांत एक उत्तर आहे. फेब्रुवारी १८१८ मध्यें इंग्रजांनीं सातारचा किल्ला घेतला तेव्हां तेथें आपलें निशाण कायम न ठेवितां छत्रपतींचें राज्य पुन्हां स्थापण्याचा जाहीरनामा एल्फिन्स्टनानें काढला. २० फेब्रुवारीस अष्टीच्या लढाईंत बापू गोखले पडले, व प्रतापसिंह महाराज इंग्रजांच्या हातीं आले. एप्रिलांत त्यांस साताऱ्यास गादीवर बसविलें, आणि जूनच्या आरंभीं दुसरा बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाला. ज्या मुद्रेनें शंभर वर्षें पेशव्यांचे हुकूम चालविले तिचाच पहिला अर्धा भाग इंग्रजांनीं पेशव्याविरुद्ध वाचून दाखविला: तूं प्रधान आहेस, धनी साताऱ्यास आहे. सत्तर वर्षें रिकामें वाटलेलें नांव एका दिवसांत तोफेइतकें जड झालें. इंग्रजांचा हेतु शुद्ध नव्हता. १८३९ सालीं त्यांनीं प्रतापसिंहांस पदच्युत केलें व १८४८ सालीं तें राज्यहि घेतलें. पण तें हत्यार त्यांनीं घडविलें नव्हतें. तें पेशव्यांच्याच शिक्क्यांत होतें.

म्हणून संग्राहक बंधूंस एक विनंति आहे. जुन्या कागदांचा सांठा आपण जपतोंच. चालू काळाच्या कागदांच्या निरनिराळ्या आवृत्त्याहि जपाव्या. १९९३ ची रशियन घटना व २०२० ची, दोन्ही शेजारीं ठेवल्यावांचून ‘पोद्र्याद’ कोठें होता व कधीं गेला हें पुढील पिढीस कळणार नाहीं; नवी प्रत एकटीच पाहिली तर ती आरंभापासून तशीच होती असें वाटेल. हीच गोष्ट आपल्या गांवच्या ठरावांची, सनदांची व नियमांचीहि आहे. सुधारलेली प्रत आली म्हणून जुनी रद्दींत घालूं नये.

पेशवाई पत्राच्या अखेरीस दुसरा एक लहान शिक्का असतो, तो मोर्तब. त्यांत ‘लेखनसीमा’ एवढीं अक्षरें असतात. लिहिणें येथें संपलें. ह्याखालीं कोणी ओळ घातली तर ती खोटी समजावी, असा त्याचा अर्थ. वरचा शिक्का धन्याची थोरवी सांगतो, खालचा त्याच्या लेखणीस मर्यादा घालतो. कागद तपासतांना आपण वरच्या शिक्क्याकडे अधिक पाहतों, कारण तो मोठा व सुबक असतो. परंतु मोर्तबाखालीं नव्या शाईची ओळ आहे कीं काय, हें पाहिल्याशिवाय कागद खरा म्हणूं नये.